टी पेशीला परकं कसं कळतं?

"सगळं जुळलं म्हणता, मग आयुष्यभर गोळ्या कशाला?" किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. सख्ख्या बहिणीची किडनी, रक्तगट तोच, जुळणीच्या तपासणीत सहापैकी सहा, आणि तरी डॉक्टर बजावतात की एकही डोस चुकवायचा नाही. त्यात डुकराची किडनी माणसाला बसवल्याच्या बातम्या आल्या. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल तर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशींच्या शोधालाच मिळालं. त्यामुळे 'शरीर परकं ओळखतं' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ओळखतं म्हणजे नेमकं काय करतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

बहुतेकांच्या मनात असं चित्र असतं की शरीराकडे शत्रूंची एक यादी आहे आणि पहारेकरी पेशी ती हातात घेऊन फिरतात. अशी यादी नाही. आपल्या माणसांचीही नाही. एका टी पेशीला ठरावीक आकारच ओळखता येतात, आणि ते कोणते हे सोडत काढल्यासारखं ठरलेलं असतं. परकेपणा त्या किडनीत कुठे लिहिलेला नसतो. समोरच्या टी पेशी कोणत्या शाळेत शिकल्या, त्यावर तो ठरतो. तीच किडनी दात्याच्या शरीरात वर्षानुवर्षं बिनबोभाट काम करत होती, हे विसरून चालत नाही.

आत काय शिजतंय, ते बाहेरून कळतं

टी पेशी ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. शरीरातल्या इतर पेशी तपासत फिरणं हे तिचं काम. अडचण अशी की विषाणू लपतो पेशीच्या आत, आणि टी पेशीला आत डोकावता येत नाही. जे कळायचं ते पेशीच्या पृष्ठभागावरूनच. त्यासाठी आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक सोय आहे.

पेशीत प्रथिनं सतत बनतात आणि सतत मोडीतही निघतात. मोडायचं काम प्रोटिआझोम नावाचं पिंपासारखं यंत्र करतं. प्रथिनाचा धागा एका तोंडातून आत ओढला जातो आणि आत त्याचे तुकडे पडतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ धरली, तर पेप्टाइड म्हणजे तिच्यातले सलग काही मणी. बहुतेक तुकड्यांचे सुटे मणी होतात आणि नव्या प्रथिनांसाठी वापरले जातात. थोडे तुकडे मात्र पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात जातात. तिथे ते एका खास रेणूच्या खोबणीत बसतात आणि तो रेणू तुकड्यासकट पृष्ठभागावर येऊन उभा राहतो.

हा रेणू म्हणजे एचएलए. त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. तळाला सपाट पाट, त्यावर समोरासमोर मळसूत्रासारख्या वळलेल्या दोन भिंती, आणि मधली खाच म्हणजे खोबण. पेप्टाइडची दोन्ही टोकं खोबणीत घट्ट रुततात आणि मधला भाग किंचित फुगून वर येतो. टी पेशीला वरून दिसतात त्या भिंतींच्या कडा आणि हा फुगवटा, बास. १९८७ मध्ये अशा रेणूची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने पहिल्यांदा उलगडली. तेव्हा खोबणीत काहीतरी असल्याचं दिसत होतं, पण त्याचा आकार स्पष्ट होईना. कारण ती एक वस्तू नव्हतीच. प्रत्येक रेणूत निराळा तुकडा होता आणि त्या सगळ्यांची सरमिसळ चित्रात उमटली होती.

एका पेशीवर असे रेणू लाखाच्या घरात असू शकतात. निरोगी पेशीवर ते सगळे घरचाच चुरा दाखवत असतात. विषाणू शिरला की त्याच्या प्रथिनांचेही तुकडे पडतात आणि काही खोबणींत परका चुरा दिसू लागतो. टी पेशीला जागं व्हायला लाखातले मोजके, कधी कधी दहाहूनही कमी तुकडे पुरतात.

एचएलएचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचे रेणू केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर असतात. त्यांत आठ ते दहा मण्यांचे तुकडे बसतात आणि ते मारेकरी टी पेशी वाचतात. दुसऱ्या वर्गाचे रेणू प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या काही पेशींवर असतात. या पेशी बाहेरचं गिळून त्याचे लांब तुकडे दाखवतात, साधारण तेरा ते पंचवीस मण्यांचे. ते मदतनीस टी पेशी वाचतात. 'मदतनीस' हे नाव फार साधं वाटतं, पण बाकीच्यांना हुकूम याच देतात.

माणसागणिक खोबण वेगळी

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. पहिल्या वर्गात ए, बी आणि सी, दुसऱ्या वर्गात डीआर, डीक्यू आणि डीपी. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. या जनुकांच्या आवृत्त्या मानवजातीत इतक्या आहेत की दुसऱ्या कुठल्याही जनुकाची तुलना होऊ शकत नाही. आजवर नोंदवलेल्या आवृत्त्या ३५ हजारांहून अधिक आहेत. बदल बहुतेक खोबणीच्या तळात आणि भिंतींत असतात. म्हणजे कुठला तुकडा बसेल आणि तो कसा दिसेल, दोन्ही माणसागणिक बदलतं. निसर्गाच्या दृष्टीने यात फायदा आहे. एखाद्या विषाणूचा चुरा माझ्या खोबणीत बसला नाही, तरी शेजाऱ्याच्या खोबणीत बसतो. त्यामुळे एकाच साथीत सगळी वस्ती गारद होत नाही.

जनुकं जवळजवळ असल्यामुळे ती गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. आईचे दोन गठ्ठे, वडिलांचे दोन, आणि मुलाला प्रत्येकाकडून एक. म्हणून आई-वडील आणि मूल नेहमी निम्मे जुळतात. दोन सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के. 'सहापैकी सहा' म्हणतात ते ए, बी आणि डीआर या तीन जनुकांच्या दोन-दोन प्रतींबद्दल. सी, डीक्यू, डीपी त्या आकड्यात धरलेलेच नसतात. बोन मॅरोच्या (हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाच्या) प्रत्यारोपणात आठपैकी आठ किंवा दहापैकी दहा पाहतात, कारण तिथे जुळणीतली चूक जास्त महागात पडते.

थायमसची शाळा

टी पेशीच्या अंगावर एक पंजा असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. हाच पंजा एचएलए आणि त्यातल्या तुकड्याला स्पर्श करतो. प्रत्येक नवी टी पेशी आपल्या रिसेप्टरची जनुकं कापून, फेरजुळणी करून बनवते, आणि सांध्यांवर काही अक्षरं यदृच्छेने घातली-गाळली जातात. त्यामुळे जवळपास प्रत्येक पेशीचा पंजा निराळा होतो. एका माणसात असे कोट्यवधी निरनिराळे पंजे असतात. यातले किती उपयोगाचे आणि किती धोक्याचे, हे बनताना कोणालाच माहीत नसतं.

म्हणून निवड होते ती थायमस नावाच्या ग्रंथीत, छातीच्या हाडामागे. लहानपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. तिथे दोन परीक्षा असतात. पहिलीत पाहिलं जातं की या पंजाला आपल्या घरचं एचएलए जरा तरी पकडता येतं का. ज्यांना येत नाही त्या पेशी उपयोगाच्या नाहीत, त्या मरतात. दुसरीत उलटं पाहतात. घरचं एचएलए आणि त्यातला घरचाच चुरा यांना जी पेशी घट्ट चिकटते ती उद्या स्वतःवरच उलटेल, म्हणून तिलाही बहुतेक वेळा तिथेच संपवतात. शंभर विद्यार्थ्यांमधून जेमतेम दोन ते पाच बाहेर पडतात.

दुसऱ्या परीक्षेसाठी थायमसमध्ये शरीरभरचा चुरा दाखवावा लागतो, स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिनसुद्धा. एअर नावाचं जनुक तिथल्या पेशींकडून ही परगावची प्रथिनं थोडी थोडी बनवून घेतं. ते जनुक बिघडलेली मुलं जन्माला येतात तेव्हा त्यांच्या टी पेशी पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा स्वतःच्याच ग्रंथी पोखरतात. शाळेत जो पाठ शिकवायचा राहिला, त्याची किंमत शरीर पुढे अशी चुकवतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. दोन्ही परीक्षा फक्त स्वतःच्या एचएलएवर होतात. दुसऱ्या कुणाचं एचएलए त्या शाळेत कधी आलेलंच नसतं.

मग कधीच न पाहिलेलं एचएलए इतकं का खुपतं?

हा खरा चक्रावून टाकणारा प्रश्न आहे. १९७४ मध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवलं की मारेकरी टी पेशी विषाणूबाधित पेशी मारतात, पण ती पेशी आपल्याच जातीचे रेणू मिरवत असेल तरच. विषाणू तोच, पण पेशी दुसऱ्या जातीच्या उंदराची असेल तर टी पेशी ढिम्म. १९९६ चं नोबेल या कामाला मिळालं. मग टी पेशीला फक्त घरची खोबण वाचता येत असेल, तर दात्याची खोबण तिला कळूच नये, नाही का? प्रत्यक्षात उलटं घडतं. एखाद्या विषाणूच्या एका तुकड्याला ओळखणाऱ्या टी पेशी साधारण लाखात एक किंवा दहा लाखांत एक असतात. दुसऱ्या माणसाच्या एचएलएवर उसळणाऱ्या टी पेशी मात्र शंभरात एक ते दहा असतात. या दोन आकड्यांमधल्या दरीत प्रत्यारोपणाची सगळी अडचण आहे.

उत्तराचा पहिला भाग असा. माणसामाणसांतल्या एचएलएची ठेवण मुळात सारखी असते, दोन भिंती आणि खोबण. बदलतात ते बारकावे. म्हणून घरच्या एचएलएवर घडलेला पंजा परक्या एचएलएवरही बऱ्यापैकी बसतो. दुसरा भाग असा की घरच्याला घट्ट चिकटणारे पंजे थायमसने काढून टाकलेले असतात, पण परक्याला घट्ट चिकटणारे काढायची संधीच त्याला मिळालेली नसते. ते सगळे शाळेतून उत्तीर्ण होऊन रक्तात फिरत असतात. तिसरा भाग संख्येचा. परक्या खोबणीत दात्याच्या शरीरातले हजारो निरनिराळे तुकडे बसतात, आणि प्रत्येक जोडीचा आकार नवा असतो. विषाणू आला तर काही मोजक्या खोबणींत बदल होतो. इथे न जुळलेली प्रत्येक खोबणच अनोळखी असते.

याचं एक नेमकं उदाहरण अभ्यासकांनी अणूरेणूपर्यंत तपासलंय. एपस्टीन-बार नावाचा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. एचएलए-बी८ असलेल्या लोकांत त्याच्या नऊ मण्यांच्या एका तुकड्याविरुद्ध ठरावीक पंज्याच्या टी पेशी मोठ्या संख्येने तयार होतात. एलसी१३ हे त्या पंज्याचं नाव. हाच पंजा एचएलए-बी४४ वर बसलेल्या, माणसाच्याच एका साध्या प्रथिनाच्या तुकड्यालाही पकडतो. दोन तुकड्यांतले मणी वेगळे, खोबणी वेगळ्या, पण वरून दिसणारा आकार पंज्याला सारखाच भासतो. म्हणजे बी८ च्या माणसाला बी४४ ची किडनी बसवली, तर विषाणूशी लढून तयार झालेली अनुभवी फौज त्या किडनीवर तुटून पडू शकते. ज्यांच्यात बी८ आणि बी४४ दोन्ही जन्मतःच असतात, त्यांच्यात मात्र हा पंजा सापडत नाही. थायमसने तो काढून टाकलेला असतो. ते लोक त्याच विषाणूशी दुसऱ्या पंज्यांनी लढतात. एकच रेणू एकाला परका आणि दुसऱ्याला घरचा, फरक शाळेचा.

किडनी पोटात, टी पेशी गाठीत. गाठ पडते कुठे?

नवख्या टी पेशी अवयवांतून सहसा हिंडत नाहीत. त्या रक्तातून लसीका ग्रंथींत आणि प्लीहेत ये-जा करतात. काखेत किंवा जांघेत सूज आल्यावर हाताला लागणाऱ्या गाठी म्हणजे याच लसीका ग्रंथी. मग किडनीची खबर तिथे पोचते कशी?

पहिली वाट थेट आहे. दात्याच्या किडनीबरोबर त्याच्या डेंड्रायटिक पेशीही येतात. नावाप्रमाणे फांद्याफांद्यांच्या या पेशी खबरे म्हणून काम करतात. अवयव काढल्यापासून बसवेपर्यंत तो काही तास रक्ताविना असतो. रक्त पुन्हा सुरू झालं की ऊतींना इजा होते, आणि त्या इजेच्या खुणा पाहून खबरे जागे होतात. ते रुग्णाच्या ग्रंथींत आणि प्लीहेत जाऊन पोचतात, अंगावर दात्याचं अख्खं एचएलए घेऊन. मृत दात्याच्या किडनीचा बर्फावरचा वेळ कमी ठेवायला डॉक्टर धडपडतात, त्याचं हेही एक कारण आहे.

दुसरी वाट आडवळणाची. रुग्णाचे स्वतःचे खबरे दात्याच्या मेलेल्या पेशी गिळतात आणि दात्याच्या एचएलएचाच चुरा करून आपल्या खोबणीत दाखवतात. तिसरी यांच्या मधली. रुग्णाचा खबरी दात्याच्या पेशीच्या पापुद्र्यासकट अख्खं एचएलए आपल्या अंगावर चिकटवून घेतो.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण रुग्णाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. दात्याचे खबरे काही आठवड्यांत संपतात, म्हणून थेट वाटेने येणारा धोका सुरुवातीच्या महिन्यांत जास्त. आडवळणाची वाट मात्र अवयव असेपर्यंत उघडी राहते. तीच पुढे मदतनीस टी पेशींना जागं करते, त्या अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना जागं करतात, आणि मग दात्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. आठ-दहा वर्षं छान चाललेली किडनी हळूहळू बाद होते, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

ओळख पटली तरी हल्ला लगेच होत नाही

पंजा तुकड्यावर टिकतो तो काही सेकंद. त्या वेळात पेशीच्या आत एकामागून एक टप्पे पूर्ण व्हावे लागतात. तुकडा लवकर सुटला तर टप्पे अर्ध्यावर राहतात आणि काही होत नाही. घरच्या चुऱ्याशी टी पेशीची दिवसभर गाठ पडते ती अशीच, निसटती.

टप्पे पूर्ण झाले तर तो पहिला संकेत. त्याच वेळी खबऱ्याच्या अंगावरचा बी७ नावाचा रेणू टी पेशीवरच्या सीडी२८ या रेणूला भिडला पाहिजे, हा दुसरा संकेत. बी७ खबऱ्यावर भरपूर येतो तो इजेच्या खुणा दिसल्यावर. नुसता पहिला संकेत मिळाला आणि दुसरा नाही, तर टी पेशी बधिर होते किंवा मरते. दोन्ही मिळाले तर आयएल-२ हा रासायनिक निरोप सुटतो आणि पेशी दुपटीने वाढू लागते. एकीच्या काही दिवसांत हजारो होतात. मारेकरी पेशी किडनीत पोचल्या की समोरच्या पेशीला चिकटतात. त्यांचं परफोरिन हे प्रथिन तिच्या आवरणाला भोकं पाडतं आणि त्या वाटेने ग्रॅन्झाइम हे दुसरं प्रथिन आत जाऊन तिला आत्मनाशाला लावतं.

औषधांचा सगळा नकाशा या साखळीवर बसवलेला आहे. पहिल्या संकेतानंतर पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं आणि आयएल-२ चं जनुक चालू करवतं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनलाच जखडतात. बॅसिलिक्सिमॅब आयएल-२ चा निरोप घेणारं दार अडवतं. मायकोफेनोलेट पेशींची दुपटी थांबवतं. स्टेरॉइड बऱ्याच ठिकाणी एकदम आवाज कमी करतं. बेलाटासेप्ट हे २०११ पासून वापरात आलेलं औषध दुसरा संकेत तोडतं. त्यात पहिल्या वर्षी शरीराने किडनी नाकारण्याचे प्रसंग जास्त दिसले, कारण अनुभवी टी पेशींना दुसऱ्या संकेताची तितकी गरज नसते. एपस्टीन-बार विषाणूची लागण आधी कधीच न झालेल्यांना ते देत नाहीत. पहिली लागण औषध चालू असताना झाली, तर लिंफोमासारख्या (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) गाठींचा धोका वाढतो.

वेळ आणि मात्रा इतकी का सांभाळायची?

कारण टॅक्रोलिमस टी पेशी मारत नाही. तिचा हात धरून ठेवतं, आणि रक्तातली पातळी उतरली की हात सुटतो. नेहमीची गोळी बारा-बारा तासांनी असते (दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार वेगळा, दोन्ही आपल्या मनाने अदलाबदल करायचे नाहीत). पातळी तपासायचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. आधी गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फसवा येतो, आणि त्यावरून मात्रा कमी केली गेली तर नुकसान किडनीचं होतं. ग्रेपफ्रूट, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन पातळी वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन ती धाडकन पाडतात. जुलाब लागले तर पातळी कमी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा वाढते, कारण आतड्यात एरवी औषधाचा काही भाग मोडला जातो तो तेव्हा मोडत नाही. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी नवं औषध दिलं, तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि जुलाब दोन दिवस टिकले तर कळवायचं.

नाकारण्याची सुरुवात बहुतेकदा मूकपणे होते. ना ताप, ना दुखणं, फक्त किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन चढलेलं. खात्री बायोप्सीने, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर होते. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर पाहतात की लघवी बनवणाऱ्या नलिकांच्या भिंतीत पांढऱ्या पेशी किती घुसल्या आहेत. एका नलिकेच्या छेदात एक ते चार, पाच ते दहा आणि दहाहून जास्त, अशा तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिला इलाज सहसा शिरेतून तीनएक दिवस मोठ्या मात्रेत स्टेरॉइड. न वळल्यास टी पेशींनाच संपवणारं अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन. वेळेत कळलं तर असे बहुतेक प्रसंग आटोक्यात येतात.

सहापैकी सहा जुळलं, तरी परकं काय उरतं?

खोबण सारखी, पण चुरा वेगळा. दोन भावंडांची बाकीची जनुकं सारखी नसतात. कुठल्याशा प्रथिनात एक मणी बदललेला असतो आणि तो तुकडा त्याच खोबणीत वेगळा दिसतो. एचए-१ नावाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. नऊ मण्यांच्या तुकड्यात तिसऱ्या जागी कुणाकडे हिस्टिडिन असतं, कुणाकडे आर्जिनिन. आर्जिनिनवाला तुकडा एचएलए-ए२ च्या खोबणीत नीट टिकतच नाही. त्यामुळे तो ज्यांच्यात आहे, त्यांच्या टी पेशींनी तिथे हिस्टिडिनवाला कधी पाहिलेला नसतो. भावाची किडनी बहिणीला बसवली तर वाय गुणसूत्रावरची प्रथिनंही तिच्या टी पेशींना नवी असतात.

हा चुरासुद्धा सारखा असणारी माणसं म्हणजे एकसारखी जुळी. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं ते जुळ्या भावांमध्येच. शस्त्रक्रियेआधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता. तो टिकला, तेव्हा पुढे गेले. टी पेशी दाबणारं कुठलंही औषध द्यावं लागलं नाही.

गट जुळला की रक्त तर कुणाचंही चालतं, गर्भही निम्मा वडिलांचाच, मग ते कसं?

ए, बी, ओ हे रक्तगट ठरतात ते तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांवरून. त्यांवर हल्ला होतो तो तयार अँटिबॉडींचा, काही मिनिटांत. टी पेशींचं खातं वेगळं. तांबड्या पेशींना केंद्रक नाही आणि एचएलए जवळपास नसतं, म्हणून त्या टी पेशींच्या नजरेत येत नाहीत. पिशवीतल्या पांढऱ्या पेशी मात्र एचएलए घेऊन येतात. किडनीच्या प्रतीक्षेतल्या माणसाला म्हणूनच शक्यतो रक्त टाळतात आणि लागलंच तर पांढऱ्या पेशी गाळलेलं देतात.

गर्भाचं उत्तर वारेत आहे. आईच्या रक्ताला लागून असलेल्या वारेच्या पेशींवर एचएलए-ए आणि बी उमटतच नाहीत. त्याऐवजी माणसामाणसांत फारसं न बदलणारं एचएलए-जी असतं, जे आईच्या पेशींना शांत ठेवतं. बाळाच्या काही पेशी तरीही आईच्या रक्तात येतात. बाळंतपणं झालेल्या अनेक स्त्रियांच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी सापडतात, हे १९५८ पासून माहीत आहे. नवरा किंवा मूल किडनी द्यायला तयार असेल, तेव्हा दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहणारी क्रॉसमॅच तपासणी तिथे फार महत्त्वाची ठरते.

डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ते बहुतेकदा जुळणीशिवाय बसवतात. आणि बोन मॅरोत चित्रच उलटतं. तिथे दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या शरीराला परकं ठरवून त्वचा, आतडी आणि यकृतावर हल्ला करतात. निम्म्या जुळणीचा दाता घेऊन हे टाळायचं असेल, तर प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात. रुग्णावर उसळलेल्या पेशी तेव्हा भराभर दुपटीला लागलेल्या असतात आणि औषध नेमकं त्यांनाच टिपतं.

डुकराच्या किडनीचं काय?

डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते आणि तिच्याविरुद्ध आपल्या रक्तात जन्मानंतर अल्पावधीत अँटिबॉडी तयार होतात. ती साखर बनवणारं जनुक काढल्यामुळे मिनिटांत होणारा नाश टळला. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला बसवलेल्या डुकराच्या किडनीत ६९ जनुकीय बदल केलेले होते. टी पेशींचा प्रश्न मात्र शिल्लकच आहे. डुकराचं स्वतःचं एचएलएसारखं रेणुकुटुंब आहे आणि माणसाच्या टी पेशी त्याला ओळखतात. शिवाय चुऱ्यातला जवळपास प्रत्येक तुकडा वेगळा. म्हणून या रुग्णांना माणसाच्या किडनीपेक्षा भारी औषधयोजना लागते.

शाळाच पुन्हा भरवता येईल का?

थायमसची परीक्षा चुकवून निसटलेल्या पेशींवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांचं सूत्रधार जनुक, फॉक्सपी३, शोधलं. २०२५ चं नोबेल याच तिघांना मिळालं. रुग्णाच्या अशा पेशी बाहेर वाढवून परत देण्याचे प्रयोग चालू आहेत.

दुसरी कल्पना याहून जुनी आहे. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये पाहिलं की गाईच्या पोटात वार जोडली गेलेली जुळी वासरं एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर बाळगतात. पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्या जातीची त्वचा स्वीकारली. शाळा भरली होती तेव्हाच पाहुणा वर्गात येऊन बसला होता.

माणसात हे प्रौढपणी करायचं, तर किडनीबरोबर त्याच दात्याची बोन मॅरो देतात, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या थायमसपर्यंत पोचतात आणि नव्या टी पेशी त्यांच्यासमोर परीक्षा देतात. एचएलए पूर्ण जुळलेल्या भावंडांत काही जणांच्या सगळ्या गोळ्या अशा रीतीने बंद करता आल्या आहेत. निम्म्या जुळणीत दात्याची मॅरो बऱ्याचदा काही आठवड्यांत नाहीशी होते, आणि ती टिकवायला पूर्वतयारीची औषधं वाढवावीत, तर संसर्गाचा धोका आणि दात्याच्या टी पेशी उलटण्याची भीती वाढते. सध्या काम अडलंय ते या ठिकाणी.